३७ गुंठ्यांतलं सुझोऊ: पोर्टलंडची लान सू बाग आणि तिथला चहा

अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या लान सू या चिनी बागेबद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एक, "वीस मिनिटांत संपली." दुसरी, "एवढ्याशा जागेला एवढं तिकीट?" दोन्ही खऱ्या आहेत. सार्वजनिक उद्यानात फिरतात तसं हातपाय मोकळे करत इथे फिरलं, तर बाग खरंच वीस मिनिटांत संपते आणि पैसे फुकट जातात. बाग त्यासाठी बांधलेलीच नाही. कुठे थांबायचं, काय बघायचं, कुठल्या महिन्यात जायचं आणि चहाच्या टेबलावर काय करायचं, एवढं माहीत असेल तर दोन-अडीच तास सहज जातात.

आधी आकार समजून घेऊ. पोर्टलंडच्या मध्यभागातला ठरावीक ब्लॉक २०० फूट बाय २०० फुटांचा. लान सूला असा एक अख्खा ब्लॉक मिळाला आहे. म्हणजे ४०,००० चौरस फूट, आपल्या हिशेबात ३७ गुंठ्यांना जरा कमी. त्यातले सात-सव्वासात गुंठे तर तळ्यानेच घेतले आहेत. पूर्वी इथे गाड्या लावायची मोकळी जागा होती. पोर्टलंड आणि चीनमधलं सुझोऊ १९८८ मध्ये भगिनी शहरं झाली आणि त्या नात्यातून ही बाग उभी राहिली. सुझोऊहून आलेले ६५ कारागीर दहा महिने पोर्टलंडमध्ये राहून काम करत होते, सोबत सुमारे ५०० टन दगड आले, आणि सप्टेंबर २००० मध्ये दार उघडलं. नावातही दोन्ही शहरं आहेत: पोर्टलंडच्या चिनी उच्चारातलं 'लान' आणि सुझोऊमधलं 'सू'. 'लान' म्हणजे ऑर्किड आणि 'सू'चा एक अर्थ जाग येणं, त्यामुळे नाव जोडूनही छान वाचता येतं.

ही सुझोऊ पद्धतीची, म्हणजे विद्वान अधिकाऱ्याच्या घरातली बाग आहे. राजवाड्यातली नाही. म्हणून पिवळी चकचकीत कौलं आणि भडक लाल खांब इथे शोधू नयेत. भिंती पांढऱ्या, कौलं राखाडी, लाकूड गडद तपकिरी. सिडनीची १९८८ सालची चिनी बाग बघून इथे येणाऱ्याला हे जरा फिकं वाटतं, पण सिडनीची बाग ग्वांगडोंगकडच्या लोकांनी बांधली आणि दक्षिणेची ती शैलीच वेगळी. वाडा आतून पाहिलेल्या माणसाला सुझोऊची पद्धत चटकन कळते. रस्त्याकडची भिंत आंधळी, सगळा मोकळेपणा आत चौकात. इथेही बाहेरून पांढरी भिंत आणि वर डोकावणारी कौलं, यापलीकडे फारसं काही दिसत नाही.

आत शिरताना उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडा. हे आपल्याला सांगायची गरज नाही, पण मुलांना सांगावं लागतं.

आता थांबायच्या जागा. पहिली, तळ्यावरचा वाकडातिकडा पूल. दुष्ट आत्मे सरळ रेषेत चालतात म्हणून पूल वाकडा, ही गोष्ट प्रत्येक चिनी बागेत सांगितली जाते. ती ऐकावी आणि सोडून द्यावी. पूल वाकडा असण्याचं बांधकामातलं कारण जास्त मजेदार आहे. प्रत्येक वळणाला तुमचं तोंड दुसरीकडे वळतं, मघाशी समोर असलेला मंडप पाठीशी जातो आणि झाडाआड असलेला धबधबा पुढे येतो. 'पाऊल हललं की देखावा बदलतो' असं चिनी बागकारांचं सूत्रच आहे. ते तपासायचं असेल तर पुलाच्या प्रत्येक कोपऱ्यावर थांबून एकेक फोटो काढा. नंतर ते फोटो ओळीने बघितले तर एकाच तळ्याचे आहेत यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. सरळ पूल असता तर हे अंतर काही सेकंदांत कापून माणूस पलीकडे गेला असता.

पुलाच्या मध्यावर 'चंद्र कोंडणारा मंडप' आहे. रात्री चंद्राचं प्रतिबिंब मंडपाच्या सावलीच्या चौकटीत सापडतं, म्हणून हे नाव. दिवसाच्या तिकिटावर अर्थातच हे दिसत नाही. संध्याकाळी दिव्यांचे कार्यक्रम असतात तेव्हा थोडीफार कल्पना येते. काठावर 'माशांचं मन जाणणारा मंडप' आहे. दोन चिनी तत्त्ववेत्त्यांचा जुना वाद त्यामागे आहे. एक म्हणाला, हे मासे किती खुशीत आहेत. दुसरा म्हणाला, तू मासा नाहीस, तुला काय माहीत? त्यावर पहिला म्हणाला, तू मी नाहीस, मग मला माहीत नाही हे तुला कसं माहीत? इंग्रजी फलकांवर ही नावं नुसती काव्यमय वाटतात. गोष्ट माहीत असली तर कठड्याच्या बाकावर बसून कोई मासे बघण्यात वेगळी गंमत येते.

दुसरी जागा धबधब्याशेजारचे दगड. बहुतेक लोक इथे पाठ करून फोटो काढतात, म्हणजे बघायची वस्तू पाठीमागे राहते. हे चीनमधल्या ताई सरोवराच्या भागातले चुनखडीचे दगड. चिनी परंपरेत असा दगड चार गुणांवर जोखतात: तो सडपातळ हवा, सुरकुतलेला हवा, त्यातून पाणी झिरपावं अशा वाटा हव्यात आणि आरपार भोकं हवीत. दगडापाशी उभं राहून हे चारही तपासता येतात. एखाद्या भोकाला डोळा लावा, पलीकडचं पान दिसलं तर चौथा गुण आहे. खालचा भाग बारीक आणि वरचा जड असेल तर तो मुद्दाम तसा उभा केलेला आहे, कारण ढग जमिनीवर टेकल्यासारखा दिसला पाहिजे. आपल्याकडे निघोजच्या कुकडी नदीत रांजणखळगे आहेत, पण तिथला बसाल्ट विरघळत नाही. गोट्यांनी भोवऱ्यात घासून घासून तो कोरला गेला आहे, म्हणून खळगे गोल आणि गुळगुळीत. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून इथली भोकं वेडीवाकडी, कडा धारदार. दोन्ही पाहिलेल्या माणसाला फरक बोटानेही कळेल, पण इथे दगडांवर चढायला मनाई आहे. मुलांचा हात धरून ठेवा. ही सगळ्यात जास्त मोडली जाणारी सूचना असावी.

तिसरी जागा विद्वानाच्या अभ्यासिकेपुढचा छोटा चौक, आणि तिथे मान खाली घाला. फरशीवर तडकलेल्या बर्फाची नक्षी आणि त्यावर पडलेली प्लमची फुलं आहेत. गोटे आडवे ठेवलेले नाहीत, कडेवर उभे रोवले आहेत, एकाला एक घट्ट. आडवा गोटा पावलांनी निखळतो, उभा अडकून राहतो. हिवाळ्याच्या अखेरीस याच फरशीवर खऱ्या पाकळ्या पडलेल्या मिळाल्या तर बागकाराची मूळ कल्पना पूर्ण झाली म्हणायची. पातळ तळव्याचे बूट असतील तर गोटे चांगले टोचतात. तेही चिनी लोक पायाला चांगलं मानतात. टाचेच्या चपला मात्र घरी ठेवा, ओल्या गोट्यांवर पाय सरकतो.

चौथी गोष्ट एका जागी नाही, भिंतीभर आहे. पडवीतून चालताना डोळ्याच्या उंचीवर जाळीच्या खिडक्या येतात. चिनीत त्यांना 'गळक्या खिडक्या' म्हणतात. पलीकडचा देखावा थोडा थोडा 'गळतो' म्हणून. एकीची नक्षी दुसरीसारखी नाही. चालत चालत बघितलं तर जाळीमागचा बांबू हलल्यासारखा वाटतो. थांबून बघितलं की हा परिणाम जातो. म्हणून पूल थांबत थांबत बघावा आणि पडवी न थांबता.

लाकूडकामासाठी वर बघा. खांब आणि तुळईच्या सांध्यात लाकडाच्या खाचेत लाकडाचीच जीभ बसवलेली असते. 'एकही खिळा नाही' असं अशा बागांबद्दल सर्रास छापलं जातं. ते शब्दशः घेण्यापेक्षा सांध्यापाशी थांबून दोन लाकडांच्या मधली फट शोधा. हिवाळाभर लाकूड पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि जीभ-खाच सांधा ही हालचाल सोसतो. छपराचे कोपरे सुझोऊकडे उत्तरेपेक्षा जास्त वर वळवतात. वळचण खोल असली तरी खाली उजेड पोचतो आणि पाणी जोत्यापासून लांब पडतं.

त्यावरून सर्वांत महत्त्वाची सूचना: पावसात जा. पोर्टलंडमध्ये ऑक्टोबर ते मे पाऊस भरपूर असतो आणि पर्यटक तो टाळतात, हा त्यांचा तोटा. वळचणीच्या प्रत्येक खोलगट कौलाच्या टोकाला तिकोनी लोंबती पट्टी असते. पाणी तिच्या टोकावरून एका रेषेत पडतं. शेजारी शेजारी अशा पन्नास पागोळ्या लागल्या की तळ्यापुढे मण्यांचा पडदा होतो. पागोळ्या हा शब्द ज्या घरात अजून वापरात आहे, त्या माणसाला यावर आणखी काही सांगायला नको. सुझोऊच्या बागकारांनी केळीच्या पानांवर पडणारा पाऊस ऐकण्यासाठी खास मंडप बांधले. कोकणातली पडवी हेच काम फुकटात करते, ते सोडा. मंडप पडवीने जोडलेले असल्यामुळे बराचसा भाग छत्रीशिवाय फिरता येतो. पुलावर मात्र भिजाल.

महिने असे धरा. डिसेंबर-जानेवारीत विंटरस्वीट, त्यामागून फेब्रुवारीकडे प्लम. एप्रिलच्या सुमारास वृक्ष-पिओनी, आणि तेव्हा गर्दी. जुलै-ऑगस्टमध्ये कमळं, पण तेव्हा दुपारी ऊन पांढऱ्या भिंतींवरून डोळ्यांत येतं, त्यामुळे दार उघडताच जा. शरद ऋतूत ऑस्मँथस फुलतो. फूल भाताच्या दाण्याएवढं, वास पिकलेल्या जर्दाळूचा, आणि तो झाडापेक्षा दहा पावलं लांब जास्त येतो. नोव्हेंबरात शेवंती. चिनी नववर्षाचे दोन आठवडे सिंहनृत्य बघायचं असेल तरच गाठावेत. बाग बघायची असेल तर मुळीच नकोत, कारण वाकड्या पुलावर माणसांची रांग लागते आणि थांबायला जागाच राहत नाही. समारंभासाठी एखादं दालन बंद असू शकतं, निघण्यापूर्वी बागेचं वेळापत्रक बघा. मार्गदर्शकासोबतची फेरी तिकिटातच धरलेली असते. ती आधी घ्या, मग पुन्हा एकटे फिरा.

आता चहाघर. तळ्याकाठच्या दुमजली इमारतीत ते आहे आणि बागेचं तिकीट काढल्याशिवाय तिथे जाता येत नाही. पूर्वी बरीच वर्षं ते 'द ताओ ऑफ टी' हे पोर्टलंडचेच चहावाले चालवत. शनिवार-रविवारी दुपारी थांबावं लागतं. आधी नाव द्या आणि मग बाग फिरा, किंवा दार उघडल्यावर पहिल्या तासात चहा उरका. वरच्या मजल्यावरून तळं पूर्ण दिसतं, पण वर जायला जिना आहे. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना खाली खिडकीशी बसवा.

मेन्यू लांबलचक आहे. त्यात हरवण्यापेक्षा ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार, मागवा, तोही गोंगफू पद्धतीने. मसाला चहा घरी मिळतो. गोंगफूचं गणित साधं: भांडं छोटं, पत्ती जास्त, वेळ कमी. झाकणाचा कप, म्हणजे गायवान, १००–१२० मिलिलिटरचा. त्यात ५–६ ग्रॅम पत्ती. ट्येगुआनयिनसारख्या गोळीदार ऊलाँगला ९५ अंशांचं पाणी. पहिलं पाणी घालून लगेच ओतून टाकायचं, त्याने पत्ती धुतली जाते आणि गोळी सैल होते. नंतरचं पाणी वीस ते तीस सेकंद, की सगळं ओतून घ्यायचं. पुढच्या प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद वाढवत जायचं. पाच-सहा वेळा सहज निघतो आणि तिसरा-चौथा बहुधा सगळ्यांत चांगला लागतो, कारण तोवर पत्ती पूर्ण उलगडलेली असते.

बिघडतं ते असं. गप्पांत पाणी पत्तीवर पाच मिनिटं राहतं, चहा कडू होतो आणि मग 'चिनी चहा कडूच' असं ठरतं. दोष पत्तीचा नसतो, गप्पांचा असतो. गायवान काठोकाठ भरला तर कड तापते आणि बोटं भाजतात. बाहेर पसरलेल्या कडेच्या अर्धा सेंटिमीटर खालीच थांबायचं, अंगठा आणि मधलं बोट कडेवर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर, झाकण किंचित तिरकं. ओतताना शेवटचा थेंबही काढायचा, तळाशी राहिलेला चहा पुढची खेप कडू करतो. हिरवा चहा मागवला तर पाणी ८० अंशांच्या आसपास हवं, उकळतं मिळालं तर थोडा वेळ उघडं ठेवा. पू-अर या मुरवलेल्या चहाला उलट उकळतंच लागतं. दूध-साखर मागू नये. मागितली तर कोणी रागावणार नाही, पण शंभर मिलिलिटरमध्ये ती घालणार कशी?

खायला छोटे पदार्थ मिळतात, पोटभर जेवणाची ही जागा नव्हे. दोघांत एक चहा, दोन बश्या आणि पाऊण तास एवढाच बेत ठेवा. शाकाहारी असाल तर प्रत्येक बशीबद्दल विचारा.

जेवणासाठी बाहेर पडून चायनाटाउनात शोधाल तर निराशा होईल, आणि त्याला इतिहास आहे. या गल्ल्या आधी जपानी वस्तीच्या होत्या. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं आणि वस्ती रिकामी झाली. पुढे चिनी दुकानं इथे वाढली. सिंहांची जोडी असलेली कमान फोर्थ अव्हेन्यू आणि बर्नसाइडच्या कोपऱ्यावर १९८६ मध्ये लागली, पण त्यानंतर चिनी कुटुंबं आणि त्यांची हॉटेलं पूर्वेला ८२व्या अव्हेन्यूकडे सरकली. बाग २००० मध्ये आली ती चिनी लोक निघून जात असलेल्या चायनाटाउनात. आज आजूबाजूला बंद दुकानं, फुटपाथवर राहणारी माणसं दिसतात. दिवसा दोन-चार ब्लॉक चालायला हरकत नाही, गाडीत मात्र पिशवी-लॅपटॉप ठेवू नका. थर्ड अव्हेन्यूवरचं चायनाटाउन म्युझियम त्याच फेरीत बघून होतं.

जेवण डिव्हिजन रस्त्याच्या आसपास ८२व्या अव्हेन्यूवर. ७२ नंबरची बस त्या रस्त्याने जाते. डिमसमसाठी, म्हणजे छोट्या छोट्या चिनी पदार्थांच्या न्याहारीसाठी, सकाळी अकराच्या आत पोचा. मांचुरियन शोधू नका, ते मुंबईचं आहे. हॉटेल कसं आहे ते हार गाववरून, म्हणजे कोळंबीच्या उकडीच्या मोदकावरून, ठरवा. त्याची पारी गव्हाच्या स्टार्चची, त्यात थोडा टॅपिओकाचा स्टार्च. उकळतं पाणी ओतून, गरम असतानाच मळतात, अगदी मोदकाच्या उकडीसारखी. उकड नीट झाली तर पारी अर्धपारदर्शक, आतली गुलाबी कोळंबी दिसणारी, आणि काड्यांनी उचलली तरी न फाटणारी. टोपलीला चिकटून फाटली तर ती जास्त वाफवलेली किंवा टोपलीत बराच वेळ पडून राहिलेली. कोरडी, पांढुरकी कड म्हणजे वाफेबाहेर ताटकळलेली. कळ्या मोजायची सवय आपल्याला आहेच.

शाकाहाऱ्यांची फसगत नावांत होते. मुळ्याच्या वडीत, म्हणजे लो बाक गोमध्ये, बहुतेक वेळा सुकी कोळंबी आणि डुकराचं सॉसेज असतं. गाय लान ही पालेभाजी बहुतेक वेळा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, ओतून येते. अंड्याच्या टार्टच्या पापुद्र्यांत चरबी असू शकते. 'व्हेज' म्हटलं की फक्त वरचं मांस काढून देणारेही भेटतात. कँटोनीजमध्ये 'जाय' म्हणजे बौद्ध शाकाहार. हा शब्द नीट समजला जातो आणि त्यात सहसा कांदा-लसूणही नसतो. जैन मित्र सोबत असतील तर कंदांबद्दल मात्र वेगळं विचारावं लागेल.

पोचायचं कसं: बीव्हर्टन-हिल्सबरो या उपनगरांतल्या मराठी मंडळींना, आणि इंटेलमुळे ती तिथे बरीच आहेत, मॅक्स या शहरी रेल्वेची निळी गाडी थेट ओल्ड टाउन/चायनाटाउन थांब्यावर सोडते. बीव्हर्टनहून लालही चालते. तिथून बागेचं दार दोन ब्लॉकवर. मोठ्या माणसाचं अडीच तासांचं तिकीट २.८० डॉलर, पण बाग आणि चहा धरून ते पुरत नाही. दिवसाला जास्तीत जास्त ५.६० डॉलरच कापले जातात, म्हणून येता-जाता दोन्ही वेळा एकच कार्ड टॅप करा. वॉशिंग्टन पार्कमधली जपानी बाग त्याच दिवशी जोडायचा मोह होतो. ती निराळी गोष्ट आहे. तिथे शेवाळ, झाडं, उतार पुढे असतात आणि इमारत मागे. इथे इमारतीशिवाय बागच नाही. दोन्ही एका दिवशी केल्या तर दुसरीत पाय दुखतात आणि दोन्हींतलं काही लक्षात राहत नाही.

उणिवा सांगायच्या तर भिंतीबाहेर शहर आहे आणि ते लपत नाही. चिनी बागेत दूरचा डोंगर किंवा पॅगोडा 'उसना' घेऊन देखाव्यात बसवतात. इथे कौलांच्या वर उसनी येते ती उंच कचेऱ्यांची काच. फोटो काढताना जरा गुडघ्यात वाका, वळचण वर येते आणि इमारत झाकली जाते. बसचे ब्रेक ऐकू येतातच. धबधब्याजवळच्या बाकावर ते सर्वांत कमी ऐकू येतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरची सन यात-सेन बाग १९८६ सालची, तीही सुझोऊच्या कारागिरांनी बांधलेली, आणि तिथे शेजारी फुकट उद्यानही आहे. कोणाला दोन्ही जमत असतील तर आधी तिथे जावं, कारण लान सूचं तळं आणि चहाघर पाहिल्यावर तिथलं अंगण लहान वाटतं.

वर्षातून तीन-चारदा जाणार असाल तर सदस्यत्वाचा हिशेब करून बघा. पहिल्यांदा ऑस्मँथसला, दुसऱ्यांदा प्लमला, आणि तिसऱ्यांदा हवामानाच्या अंदाजात दिवसभर संततधार दाखवली असेल त्या मंगळवारी.